कुप्रसिद्धीचे अर्थकारण

चार्ल्स शोभराज हे नाव ऐकलेले नाही असा पन्नाशी ओलांडलेला मराठी वृत्तपत्रवाचक क्वचितच आढळेल. १६ मार्च १९८६ रोजी दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो पसार झाला आणि बरोबर तीन आठवड्यांनी, ६ एप्रिल रोजी, गोव्यात पर्वरी येथील 'ओ कोकेरो' उपाहारगृहात मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला जेरबंद केले. गोवा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता. ही हकीकत त्या काळी घराघरांत, कचेऱ्यांत आणि एस.टी.च्या प्रवासात चवीने सांगितली गेली. पुढे ती विरून गेली असती तर नवल नव्हते. पण तसे झाले नाही. २०१५ मध्ये त्याच्यावर हिंदी चित्रपट निघाला. २०२१ मध्ये बीबीसीने आठ भागांची मालिका दाखविली. २०२५ मध्ये तिहारच्या एका माजी अधिकाऱ्याच्या आठवणींवर आधारलेल्या मालिकेत तो पुन्हा अवतरला आणि त्याच वर्षी चिन्मय मांडलेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'इन्स्पेक्टर झेंडे' या चित्रपटातून पर्वरीची ती अटक नव्या पिढीसमोर आली.

या कलाकृतींच्या गुणदोषांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. झेंडे यांच्यासारख्या पोलीस अधिकाऱ्याला मध्यवर्ती स्थान मिळावे ही तर स्वागतार्हच गोष्ट आहे. येथे विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. एका आंतरराष्ट्रीय खून-मालिकेची आणि तिच्यातील संशयिताची सार्वजनिक चर्चा जवळजवळ पन्नास वर्षे चालू राहते, तेव्हा त्या चर्चेचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि तिचा खर्च कोण सोसतो? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सहज सुचतो. कारण ज्या व्यवहारात लाभ एकाचा आणि भुर्दंड तिसऱ्याच तिऱ्हाइताचा, त्या व्यवहाराकडे संशयाने पाहण्याची सवय त्याला शास्त्रानेच लावलेली असते.

प्रयोग करून पाहावा. चार माणसांच्या बैठकीत शोभराजचा विषय काढावा. त्याने तिहारमध्ये काय वाटले, तो वेष कसा पालटत असे, स्त्रिया त्याच्यावर कशा भाळत, हे प्रत्येक जण सांगू शकेल. मग विचारावे, मेले कोण? बहुधा 'कोणी हिप्पी पोरी' एवढेच उत्तर मिळेल. मृतांची नावे मीही येथे देत नाही. त्यांच्या कुटुंबांनी प्रसिद्धीची याचना कधीच केली नव्हती आणि त्यांचे दुःख पुन्हा मांडण्याचा अधिकार मला नाही. पण एखाद्याचे नाव आदराने झाकून ठेवणे आणि ते कधी माहीतच करून न घेणे यांत फार मोठे अंतर आहे. आपण दुसऱ्या प्रकारात मोडतो.

वाटसरू आणि त्यांची पुंजी

प्रकरणाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून युरोप-अमेरिकेतील हजारो तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली, काठमांडू अशा खुष्कीच्या मार्गाने पूर्वेकडे येऊ लागले. कोणी गोव्याच्या किनाऱ्यावर विसावत, कोणी पुढे बँकॉकपर्यंत जात. आपल्याकडे त्यांना सरसकट हिप्पी म्हटले गेले आणि १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'सारख्या चित्रपटाने त्यांचे एक ठोकळेबाज चित्र आपल्या मनात पक्के केले: गांजा ओढणारी, घरदार सोडलेली, वाया गेलेली मुले. वस्तुतः त्यांतील कित्येक शिक्षण संपवून नोकरीला लागण्यापूर्वी जग पाहावयास निघालेले, काटकसरीने साठविलेल्या पैशांवर महिनोन्महिने प्रवास करणारे सामान्य घरांतील तरुण होते. बौद्ध धर्माच्या अभ्यासाच्या ओढीने आलेलेही काही होते.

या वाटसरूंची सारी पुंजी दोन कागदांत सामावलेली असे: पासपोर्ट आणि ट्रॅव्हलर्स चेक. शोभराजच्या गुन्ह्यांचा आर्थिक पाया येथेच आहे. व्हिएतनाममधील सायगाव येथे १९४४ मध्ये सिंधी पित्याच्या व व्हिएतनामी मातेच्या पोटी जन्मलेला, पुढे फ्रेंच नागरिक झालेला हा इसम १९७५ मध्ये बँकॉकच्या 'कनित हाऊस' या इमारतीत रत्नांचा व्यापारी म्हणून राहत होता. प्रवाशांशी मैत्री करावयाची, स्वस्त हिऱ्या-माणकांचे आमिष दाखवावयाचे, खाण्यापिण्यातून औषध देऊन आजारी पाडावयाचे आणि मग शुश्रूषेचे नाटक करून त्यांना आपल्यावर अवलंबून ठेवावयाचे, अशी त्याची रीत होती. त्या घरात महिनोन्महिने 'आजारी' ठेवलेले काही फ्रेंच तरुण शेजाऱ्यांच्या मदतीने निसटले म्हणून तिची साक्ष तरी उरली.

चोरीचा माल रोख पैसा असता तर मालकाला जिवंत सोडूनही चोर सुखाने राहू शकला असता. पण ट्रॅव्हलर्स चेकचा मालक जिवंत असेल तर तो तक्रार करणार, बँक चेक रोखणार आणि पासपोर्टही निरुपयोगी होणार. म्हणजे मालक बोलेनासा होण्यातच चोरलेल्या कागदाचे मूल्य होते. या हत्यांमागे कोणते गूढ मनोविकार होते याच्या चर्चेने पुस्तकेच्या पुस्तके भरली आहेत. मला मात्र त्यांत प्रथम दिसतो तो हा थंड, हिशेबी लोभ. सिएटलहून आलेली एक अमेरिकन युवती, एक तुर्की तरुण, त्याचा शोध घेत आलेली फ्रेंच स्त्री, एक डच जोडपे, काठमांडूतील एक अमेरिकन स्त्री व एक कॅनेडियन पुरुष, वाराणसीतील एक इस्रायली, दिल्लीतील एक फ्रेंच प्रवासी: १९७५ आणि १९७६ या दोन वर्षांतील मृत्यूंची ही यादी, आणि तीही पूर्ण नाही. यांतील प्रत्येकासाठी कोठे तरी एक घर पत्राची वाट पाहत होते.

बुद्धिमत्तेची दंतकथा

सार्वजनिक चर्चेने शोभराजला दिलेली पहिली देणगी म्हणजे अलौकिक बुद्धिमत्तेची दंतकथा. तो अनेक भाषा बोलत असे, कायद्याचा त्याचा अभ्यास होता, माणसाचे मन तो क्षणात ओळखी, या गोष्टींत तथ्य असेलही. परंतु त्याच्या 'यशा'चा बारकाईने विचार केला तर वेगळेच चित्र दिसते. तो चतुर होता, त्यापेक्षा त्याचा पाठलाग करणाऱ्या यंत्रणा विस्कळीत होत्या. गुन्हा थायलंडमध्ये, मृत व्यक्ती नेदरलँड्सची, आरोपी फ्रान्सचा, पुढला गुन्हा नेपाळमध्ये आणि त्यापुढला भारतात, अशा साखळीत प्रत्येक देशाच्या पोलिसांच्या हाती केवळ एकेक दुवा होता. एका देशाच्या नोंदवहीतील पान दुसऱ्या देशाच्या नोंदवहीशी जोडून पाहण्याची कोणाची जबाबदारी नव्हती. आणि जी जबाबदारी सर्वांची असते ती कोणाचीच नसते.

त्यात भर पडली तुच्छतेची. हिप्पी हरवला तर तो गांजाच्या नादात कोठे तरी पडला असेल, आज ना उद्या उगवेल, असे मानून दूतावासही स्वस्थ बसत. बँकॉकजवळ १९७५ च्या डिसेंबरात सापडलेले डच जोडप्याचे जळालेले मृतदेह प्रथम ऑस्ट्रेलियन प्रवाशांचे समजले गेले. मार्च १९७६ मध्ये थाई पोलिसांनी शोभराजला चौकशीसाठी नेले आणि सोडून दिले. यात कोणती विलक्षण प्रतिभा दिसते? ढिलाईने उघड्या ठेवलेल्या दारातून तो बाहेर पडला एवढेच. दंतकथेचा तोटा असा की, ती या ढिलाईवर पांघरूण घालते. आरोपी असामान्य ठरला की अपयशी यंत्रणेला जाब द्यावा लागत नाही. 'समोर साक्षात सैतान होता, आम्ही काय करणार!' असे म्हणून सर्व जण मोकळे होतात.

दिल्लीतील त्याची १९७६ ची अटकही असेच सांगते. जुलै महिन्यात विक्रम हॉटेलमध्ये उतरलेल्या फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या गटाला त्याने पोटाच्या विकारावरील गोळ्या म्हणून गुंगीचे औषध दिले. औषधाचा परिणाम अपेक्षेपेक्षा लवकर झाला, मुले एकामागून एक कोसळू लागली आणि शुद्धीवर असलेल्यांनी त्याला धरून ठेवले. अलौकिक बुद्धीच्या या माणसाचा डाव शेवटी भांबावलेल्या पण जागरूक विद्यार्थ्यांनी उधळला. ही गोष्ट मात्र मिठाईच्या गोष्टीइतकी लोकप्रिय झाली नाही.

कागदांची चिकाटी

या प्रकरणात खरोखर गौरवास पात्र असणारी माणसे कमी रंगतदार आहेत. हेर्मान क्निप्पेनबर्ग हा बँकॉकच्या डच वकिलातीतील एक कनिष्ठ अधिकारी होता. १९७६ च्या आरंभी हरवलेल्या दोन डच नागरिकांविषयी मायदेशाहून आलेले एक पत्र त्याच्या टेबलावर पडले. पत्राला पोच देऊन ते फायलीत लावणे हे त्याचे काम. त्याने ते केले नाही. दातांच्या नोंदींवरून मृतदेहांची ओळख पटवून घेतली, कनित हाऊसमधील शेजाऱ्यांना गाठले, त्यांचे जबाब लिहून घेतले आणि शोभराज पळून गेल्यावर त्याच्या घरातील वस्तूंची छाननी केली. तपास हे परराष्ट्र सेवेतील माणसाचे काम नव्हे, असे त्याला बजावण्यात आले. तरीही त्याने आपल्या कागदांच्या प्रती जपून ठेवल्या. बदल्या झाल्या, देश बदलले, सेवानिवृत्ती आली. कागद त्याच्याबरोबरच राहिले.

सत्तावीस वर्षांनी त्या कागदांना किंमत आली. सप्टेंबर २००३ मध्ये शोभराज काठमांडूत उजळ माथ्याने हिंडत असल्याचे 'हिमालयन टाइम्स' या दैनिकाच्या वार्ताहराने हेरले. छायाचित्र छापून आले आणि पोलिसांनी त्याला एका हॉटेलच्या जुगारगृहातून पकडले. आपण १९७५ मध्ये नेपाळात आलोच नव्हतो, असा त्याचा पवित्रा होता. मृत डच तरुणाच्या पासपोर्टावर तो तेव्हा काठमांडूत आला होता, असे सरकारपक्षाने मांडले. हॉटेलच्या नोंदणीपत्रकावरील हस्ताक्षरासारखे क्षुल्लक वाटणारे पुरावे त्यासाठी उभे राहिले. २००४ मध्ये काठमांडूच्या न्यायालयाने अमेरिकन स्त्रीच्या हत्येबद्दल त्याला जन्मठेप दिली, २०१० मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २०१४ मध्ये कॅनेडियन पुरुषाच्या हत्येबद्दल भक्तपूरच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरविले.

एक नाकेबंद चिठ्ठी, एक नोंदणीपत्रक, एका दंतवैद्याची नोंद! न्यायाची इमारत अशा विटांनी बांधली जाते. पाठलाग, वेषांतर आणि प्रणय यांच्या कथेत या विटांना जागा नसते. पर्वरीच्या अटकेतही खरा गुण कोणता असेल तर तो संयमाचा. माहिती गोळा करणे, संशयित येण्याचा संभव असलेल्या ठिकाणी दिवसेंदिवस बसून राहणे, ओळख पटल्यावर उतावळेपणा न करणे, हे पोलिसी कामाचे कंटाळवाणे अंग आहे. झेंडे यांनी १९७१ मध्येही मुंबईत शोभराजला पकडले होते. म्हणूनच १५ वर्षांनंतर तो चेहरा त्यांना ओळखू आला. स्मरणशक्ती आणि सातत्य यांचे मोल आपल्या चर्चेत फार कमी लावले जाते.

कीर्ती हेच चलन

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कुप्रसिद्धी ही निव्वळ बदनामी नसते. ती एक मालमत्ता असते, तिच्यावर व्याज मिळते आणि ती तारण ठेवता येते. शोभराजला हे इतरांपेक्षा लवकर समजले. तुरुंगात असतानाच त्याने आपल्या जीवनकथेचे हक्क विकले, रिचर्ड नेव्हिल या ऑस्ट्रेलियन पत्रकाराला तिहारमध्ये तासन् तास मुलाखती दिल्या, त्यांत हत्यांची वर्णने केली आणि १९७९ मध्ये पुस्तक आल्यावर ती सर्व नाकारली. कबुलीने पुस्तक खपले, नकाराने खटला अवघड केला. एकच माल दोन गिऱ्हाइकांना विकण्याची ही किमया होती.

तिहारमध्ये त्याला मिळणाऱ्या सवलतींच्या कथा प्रसिद्ध आहेत. तुरुंगात पैसा चालतो हे सर्वांना ठाऊक आहे, पण प्रसिद्धीही चालते. प्रसिद्ध कैद्याशी सलगी असणे ही पहारेकऱ्यालाही मिरवण्याची गोष्ट वाटू लागते. मग त्याच्या हातची मिठाई नाकारावी असे कोणाला वाटणार? १९८६ च्या पलायनाची तयारी औषधाने झाली असेल, पण त्याआधी कित्येक वर्षे ती ओळखीने, कौतुकाने आणि वृत्तपत्रांतील रकान्यांनी झाली होती. त्या पलायनाचा हेतू शिक्षा वाढवून घेण्याचा होता असे पुढे सर्वत्र मानले गेले. थायलंडमध्ये त्याच्यावर खुनाचे खटले होते आणि तेथे गुन्ह्याची मुदत २० वर्षांची. भारतातील तुरुंगवास लांबला की ती मुदत टळणार! १९९७ च्या फेब्रुवारीत तो सुटला तेव्हा झाले ते नेमके असेच. मुदत संपली होती आणि तो फ्रान्सला गेला. तेथे मुलाखतीसाठी तो पैसे मागत असे. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने वय आणि भोगलेली शिक्षा लक्षात घेऊन डिसेंबर २०२२ मध्ये त्याची मुक्तता केल्यावरही माहितीपटवाले त्याच्या दारी पोहोचलेच.

अर्थशास्त्रात 'बाह्य परिणाम' म्हणून एक कल्पना आहे. कारखान्याचा मालक माल विकतो, गिऱ्हाईक विकत घेते, दोघेही समाधानी असतात. पण नदीत सोडलेल्या घाण पाण्याची किंमत खालच्या गावाला मोजावी लागते. त्या गावाचे नाव करारात कोठेच नसते. खुन्याच्या कथेचा बाजार असाच आहे. सांगणारा, छापणारा आणि वाचणारा, तिघेही खूष. खालच्या गावी राहतात ती मृतांची कुटुंबे. आपल्या मुलीचा शेवट कोणाच्या तरी 'मोहक व्यक्तिमत्त्वा'च्या कथेतील एक प्रसंग म्हणून त्यांना दर दहा वर्षांनी नव्याने पाहावा लागतो. 'बिकिनी किलर' हे नाव एखाद्या साबणाच्या वडीसारखे खपले. त्या नावात बळीचा पोशाख उरला आहे, बळी मात्र नाही. पर्वरीच्या त्या उपाहारगृहात तर पुढे शोभराजचा पुतळाच मांडण्यात आला आणि गिऱ्हाइके त्याच्या शेजारी बसून छायाचित्रे काढून घेऊ लागली. त्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. मागणी होती, पुरवठा झाला. पण मागणी आपली होती.

दुसऱ्या बाजूचा धोका

येथवर वाचून कोणी म्हणेल, अशा माणसाची चर्चाच बंद करा, त्याला हक्कच कसले? हा निष्कर्ष मला मान्य नाही. तो मान्य का नाही हे सांगण्यासाठी पुन्हा शोभराजचेच उदाहरण उपयोगी पडते. तिहारमध्ये त्याला अवजड बेड्या घालून ठेवण्यात आले तेव्हा त्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सुनील बात्रा या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याच्या एकांतवासाविरुद्धच्या अर्जाबरोबर त्याच्या अर्जाची सुनावणी पाच न्यायमूर्तींच्या पीठासमोर झाली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या पीठावर होते आणि न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यात विस्तृत निकालपत्र लिहिले. ऑगस्ट १९७८ च्या त्या निर्णयाने तुरुंगाच्या दारात घटना थांबत नाही हे तत्त्व या देशात रुजविले. बेड्या घालण्याचा तुरुंगाधिकाऱ्याचा अधिकार कारण, नोंद आणि मुदत यांच्या चौकटीत बसविला गेला. आज कोणा गरीब कच्च्या कैद्याला विनाकारण साखळदंड घालता येत नाहीत, यात एका नकोशा अर्जदाराचा वाटा आहे. हक्क हे सज्जनांसाठी राखून ठेवलेले बक्षीस नसतात, हा त्यातील धडा.

तीच गोष्ट पुराव्याची. शोभराजच्या नावावर बाराहून अधिक हत्या सांगितल्या जातात. थायलंडमधील आरोपांची सुनावणी मुदत संपल्यामुळे कधीच झाली नाही. नेपाळमधील दोन हत्यांबद्दल तेथील न्यायालयांनी त्याला दोषी धरले. त्या खटल्यातही छायाप्रतींच्या ग्राह्यतेवर बचावपक्षाने आक्षेप घेतला होता आणि न्यायालयाला त्याचा विचार करावा लागला. सिद्ध काय झाले, आरोप कोणता आणि दंतकथा कोणती, हे तीन रकाने वेगळे ठेवणे हे लिहिणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे. त्याने निर्दयतेने वागणाऱ्याची गय होत नाही. उलट जे सिद्ध झाले त्याला वजन येते.

हे कर्तव्य विसरल्यास काय होते ते आपण अलीकडे पाहिले आहे. प्रसिद्ध व्यक्तीच्या मृत्यूनंतर दूरचित्रवाणीवर चालविलेल्या समांतर खटल्यांची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाला जानेवारी २०२१ मध्ये वृत्तवाहिन्यांना मर्यादेची जाणीव करून द्यावी लागली. तपास चालू असताना संशयितावर दोषाचा शिक्का मारणे, कबुलीजबाबाला पुराव्याचे रूप देणे, यांमुळे न्यायदानात अडथळा येतो, असे न्यायालयाने बजावले. एका संशयिताला नायक करणारी आणि दुसऱ्याला खटल्याआधीच फासावर चढविणारी वृत्ती परस्परविरोधी वाटते. पण दोहोंचे मूळ एकच आहे. दोन्ही ठिकाणी वाचकाला हवा असतो तो पात्राचा रंग. पुराव्याचा कंटाळा येतो.

काय करता येईल?

कायद्याने या बाजाराला आळा घालण्याचे प्रयत्न इतरत्र झाले आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली एका खुन्याला आपली कथा विकून मोठी रक्कम मिळेल अशी चिन्हे दिसताच तेथील विधिमंडळाने असे उत्पन्न बळींसाठी राखून ठेवणारा कायदा केला. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. कारण त्याची व्याप्ती इतकी मोठी होती की, पूर्वायुष्यातील एखादी चूक आत्मचरित्रात लिहिणारा प्रामाणिक लेखकही त्यात सापडला असता. पुढे २००१ मध्ये तेथे सुधारित कायदा आला. ब्रिटननेही २००९ मध्ये दोषी ठरलेल्याने गुन्ह्याच्या कथेतून मिळविलेला नफा न्यायालयाच्या आदेशाने काढून घेण्याची तरतूद केली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. तो करावयाचा झाल्यास न्यूयॉर्कचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवून, लेखनावर नव्हे तर दोषी व्यक्तीच्या नफ्यावर बोट ठेवणारा असावा. बंदीने विचार मरतो आणि कुतूहल मात्र वाढते.

परंतु कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दोषी ठरलेल्या व्यक्तीला मुलाखतीसाठी वा हक्कांसाठी पैसा न देण्याचा दंडक प्रकाशक आणि निर्माते स्वतःहून पाळू शकतात. खऱ्या गुन्ह्यावर बेतलेल्या कृतीतून होणाऱ्या नफ्याचा काही अंश गुन्ह्यांतील बळींच्या साहाय्यासाठी देता येईल. कथा पडद्यावर येण्यापूर्वी मृतांच्या कुटुंबांना निदान कळवावे, एवढे सौजन्य तर कोणत्याही कायद्याविना पाळता येण्यासारखे आहे. आणि वाचक-प्रेक्षक म्हणून आपण प्रत्येक नव्या कथेला तीन साधे प्रश्न विचारावेत: यात सिद्ध किती आणि रचलेले किती? गुन्हा घडू देणाऱ्या यंत्रणेविषयी यात काही आहे का? आणि कथा संपल्यावर मेलेल्यांपैकी एकाचे तरी जीवन आपल्याला समजले का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर ती कथा कितीही रंजक असो, तिचे मोल आपण दुसऱ्याच्या खिशातून दिले आहे असे समजावे. शोभराज आज ऐंशी ओलांडलेला वृद्ध आहे. त्याच्यामागे त्याची कीर्ती राहील, कारण ती सांभाळणारे पुष्कळ आहेत. १९७५ साली घरून निघालेल्या आणि पंचविशी-तिशीच्या आसपासच संपलेल्या त्या वाटसरूंमागे राहिल्या त्या पोलीस ठाण्यांतील पिवळ्या पडलेल्या नोंदी, आणि एका कनिष्ठ अधिकाऱ्याने देशोदेशी वागविलेली कागदांची खोकी. न्याय जेवढा झाला तो त्या खोक्यांमुळे झाला. आपल्या कौतुकाला खरोखर एखादे धन हवेच असेल, तर ते तेथे शोधावे.